मागचं बाकडं

पान एकशे त्रेचाळीस, वरून सातवी ओळ. मी चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. ओळ तीच. कुरिअरवाला अजून जिन्यातच होता, खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याशी त्याचं भांडण चाललं होतं, आणि पार्सल फोडायला घेतलेली कात्री माझ्या हातात तशीच होती. कात्री खाली ठेव विजयश्री, असं मी मलाच म्हटलं, कारण त्या घडीला समोर कुणी आलं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं. पंचवीस प्रती, कोऱ्या करकरीत, डिंकाचा वास येणाऱ्या. ह्या वासासाठी मी सहा वर्षं घालवली होती. गुलबर्ग्याच्या ह्या दोन खोल्यांत (पाटीवर कलबुर्गी, तोंडात अजून गुलबर्गाच), कॉलेजातून घरी येऊन, नवऱ्याचं आजारपण काढून, त्याचं दिवसपाणी करून, मी एका फ्रेंच बाईची कादंबरी थेट फ्रेंचमधून मराठीत आणली, आणि सातव्या ओळीत छापलं होतं: ‘जान, माझी मानलेली बहीण, वारली तेव्हा मला अतोनात दुःख झाले. मी मागच्या बाकड्यावर बसले.’ हे मी लिहिलं नव्हतं. आईशप्पथ नाही. ‘अतोनात’ हा शब्द तर मी उभ्या आयुष्यात वापरलेला नाही. मी लिहिलं होतं ते मला पाठ आहे, झोपेतून उठवून विचारा: ‘ल्युसियँ गेला तेव्हा मी त्याची बायको होते. मला पहिल्या बाकड्यावर बसवलं आणि सगळ्या गावानं येऊन माझा हात हातात घेतला. जान गेली तेव्हा मी तिची कुणी नव्हते. मला मागच्या बाकड्यावर जागा मिळाली, खांबाच्या आड. माझा जीव तिच्यावर होता, त्याच्यावर होता तेवढाच, आणि खांब फार रुंद होता.’ एवढंच. चर्चमधल्या अंत्यविधीच्या ह्या पाच-सहा ओळींसाठी मी ते पुस्तक हातात घेतलं होतं. आता त्यातली शेवटची ओळ नव्हतीच. खांबसुद्धा नव्हता. माणसं चोऱ्या करतात हे ठाऊक आहे, पण खांब कुणी चोरतं का हो?

ओदील ब्रेसाक. आळंदच्या मराठी वाचनालयात हे नाव मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, ‘डॉक्टर हाय का बाई?’ डॉक्टर तिचा नवरा होता, तोही गुरांचा. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर मिठागरांचं एक गाव, तिथल्या मिठाच्या कचेरीतल्या कारकुनाची ही मुलगी. एकविसाव्या वर्षी तिनं ल्युसियँशी लग्न केलं, स्वतः पसंत करून, आणि तो घरात आला की बैलाच्या घामाचा आणि औषधाचा जो वास यायचा त्यावर तिनं चार पानं लिहिली आहेत, वाचताना कानशिलं तापतील अशी. बत्तिसाव्या वर्षी तिला जान भेटली. जान बायकांच्या टोप्या शिवायची. तिच्यावरही चार पानं आहेत. कुणासाठी कमी नाही, कुणासाठी जास्त नाही. अकरा कादंबऱ्या लिहिल्या ह्या बाईनं, सगळ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दाराकडं पाठ करून, ज्याला यायचं त्यानं यावं, मी वळून बघणार नाही, ह्या थाटात. आणि सगळ्या रागानं लिहिल्या. मला तिच्या प्रेमाआधी तिचा राग आवडला. हैदराबादला असताना रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ती मला सापडली. शिवशंकरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, तेव्हा तिथं नोकरी होती आणि मी वेळ जात नाही म्हणून संध्याकाळच्या वर्गाला फ्रेंच शिकत होते. वेळ जात नाही म्हणून! आपल्याकडं बाईनं काही शिकायचं असलं की हेच कारण सांगावं लागतं. मी तिथंच उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं, अर्ध्याहून जास्त शब्द कळले नाहीत, पण ही बाई चिडलेली आहे एवढं कळलं, आणि मी ते पुस्तक विकत घेतलं. बाई चिडली की आमच्याकडं अंगात आलं म्हणतात, नाहीतर करणी म्हणतात. हिनं चिडून अकरा पुस्तकं लिहिली होती. ती मेल्यावर गावकऱ्यांनी एका रस्त्याला तिचं नाव दिलं आणि पाटीवर लिहिलं, ‘लेखिका आणि एकनिष्ठ पत्नी’. तिथंही आमच्या प्रकाशक अंकुशरावांसारखी माणसं असतातच म्हणायची.

मग मी पुस्तक उलटून मुखपृष्ठ बघितलं. एक जुना फोटो आहे: ओदील खुर्चीत, उजवीकडं ल्युसियँ, मागं जान, तिचा हात ओदीलच्या डाव्या खांद्यावर. नंतरच्या फ्रेंच आवृत्त्यांत तो फोटो कापून छापला, जान गेली. पण हात राहिला. हाताला कोण काय करणार, तो खांद्यावरच होता ना. ओदीलच्या खांद्यावर चार बोटं, आणि ती कुणाची हे कुणाला ठाऊक नाही. मी मुद्दाम तो कापलेला फोटोच पाठवला होता, हाच मुखपृष्ठावर घ्या म्हणून. त्या बोटांकडं वाचणाऱ्याचं लक्ष जावं, त्यानं विचारावं. आता खांदा स्वच्छ होता. डीटीपीवाल्यानं कॉम्प्युटरवर बोटं पुसून तिथं झग्याचं कापड भरलं होतं, आणि भरलं होतं झकास, शिवण दिसत नव्हती. फ्रेंच लोकांना सत्तर वर्षांत जमलं नाही ते आमच्या माणसांनी एका दुपारी उरकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली आणि मी फोन उचलला.

अंकुशराव आळंदचे. तुरीचा व्यापार, डाळीची मिल, आणि तीस वर्षं स्वतःच्या हिमतीवर चालवलेलं मराठी वाचनालय. माणूस लबाड असता तर बरं झालं असतं. लबाड माणसाला चार शिव्या घालता येतात. हा माणूस भला आहे, पाहुण्याला उपाशी जाऊ देत नाही, आणि सीमाभागातल्या मराठीचं नाव काढलं की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. ‘ताई, मिळालं व्हय पुस्तक? कसं दिसायलंय?’ त्यांचा आवाज खुशीत होता. ‘अंकुशराव, एकशे त्रेचाळीस पानावर जान कोण हाय?’ ‘जान व्हय... ती बहीण की. मानलेली.’ ‘कुणी मानली?’ मागं मिलचा आवाज येत होता. मग ते हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलले: ‘ताई, रागावू नका. दुसऱ्या वेळच्या प्रुफाला मी त्या जागी येऊन अडलो. एवढं सोन्यासारखं पुस्तक, आन वाचणारी लेकीबाळीची घरं. चार दिवस इचार केलो. म्हणलं, आपल्यात दोन बायांचा असा जीव लागला तर काय म्हणतेत? मग तुमचं आन पंचशीलाबाईचं ध्यानात आलं. तुम्ही तीस वर्षं झाले सांगायलाव, ही माझी मानलेली बहीण. मी मनानं काय घातलो न्हाई ताई. तुमचाच शब्द हाय त्यो.’ मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे तो बोलत असतानाच ठेवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणतात ना, तर माझ्या ओठातून खरोखर रक्त आलं होतं. कधी चावला ते कळलं नाही.

कारण तो खरं बोलत होता. शब्द माझाच होता. माझाही नाही, आईचा. सोजराबाईचा. चौतीस वर्षांमागची येळवस, मादन हिप्परग्याचं आमचं रान. ज्यांनी येळवस बघितली नाही त्यांना काय सांगू. पौषाच्या तोंडावरची अवस, त्या दिवशी ह्या मुलखात गावात माणूस राहत नाही, सगळे रानात, कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी म्हणजे सगळ्या भाज्या-शेंगांचं कालवण, पिठाचे उकडलेले उंडे, खीर, आणि घागरभर आंबट आंबील. जो येईल त्याला जेवू घालायचं. मी आणि पंचशीला तेविशीच्या. ती आमच्याच गावची, नरसिंग गुरुजींची मुलगी; गुरुजी बौद्ध, शाळेत मास्तर, घरात पुस्तकंच पुस्तकं, आणि आळंदच्या कॉलेजला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत आम्ही दोघीच मुली. गाडीत आधी वह्या एक झाल्या, मग डबा, मग बाकी सगळं. त्या दिवशी बायका पूजेची तयारी करायला विहिरीकडं गेलेल्या, आणि आम्ही कोपीत. ओल्या कडब्याचा गोड वास, पेंढ्यांच्या फटीतून येणारे उन्हाचे पट्टे, तिच्या मानेवर आंबिलाचा एक थेंब, आणि तो मी टिपला, हातानं नाही. तेवढ्यात आई डोक्यावर घागर घेऊन दारात. तिनं बघितलं. घागर खाली ठेवली. आपटली नाही, आंबील सांडेल म्हणून सावकाश ठेवली. गेली, आणि परत येताना दहा पावलांवरून खोकत आली. तिच्या त्या खोकल्याचा राग मला अजून येतो. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी पंगत बसायच्या आधी आईनं सगळ्यांसमोर पंचशीलाला पुढं बोलावलं. माझ्यासाठी आणलेला हिरवा खण, लाल काठाचा, नारळासकट तिच्या ओंजळीत घातला. म्हणाली, ‘आजपून ही माजी लेक. विजूची मानलेली बहीण. कुणी काय बोलायचं काम न्हाई.’ लोक खूश. ‘वा सोजराबाई, शाब्बास!’ गावच्या एका पुढाऱ्यानं तर तिथल्या तिथं भाषण ठोकलं, जातिभेद गाडणारी माउली वगैरे. आणि मग ह्याच माउलीनं ह्याच लेकीला प्यायला पाणी दिलं ते वरून, भांड्याला भांडं न लावता, ओंजळीत. मी बघत होते. पंचशीला खण काखेत धरून, वाकून, ओंजळीनं पाणी पीत होती आणि कोपरावरून पाणी खाली गळत होतं. मी काय केलं? काही नाही. मी भज्जी वाढत होते. आई अडाणी बाई, अंगठा उठवणारी, पण तिनं केला तसा कायदा वकिलाला सुचला नसता: एका खणात आमचं येणंजाणं मोकळं, आणि बाकीचं सगळं बंद. बहीण शेजारी निजली तर कुणी बोलत नाही. बहिणीवर जीव जडला तर सात जन्म नरक. आणि मी, शिकलेली, मी तो कायदा मुकाट पाळला, नुसता पाळला नाही, वापरला. कॉलेजात, दवाखान्यात, शेजारपाजारी, लग्नाच्या मांडवात, जिथं जिथं कुणी भुवई वर केली तिथं ‘ही माझी मानलेली बहीण’. पटकन. विचारायच्या आधीच. खण आईनं तिला दिला होता, पण रोज अंगात घालून मी हिंडले.

पंचशीला नर्स झाली, मन्नाएखेळ्ळीला तिची नोकरी, हायवेच्या कडेला तिचं घर, दिवसरात्र ट्रक. लग्न केलं नाही तिनं. मी केलं. ह्याबद्दल लोक दोन्ही बाजूंनी मूर्खासारखं बोलतात म्हणून सांगते: मला शिवशंकर आवडत होता. जबरदस्ती नव्हती, नाटक नव्हतं. त्याचे आखूड बोटांचे हात, आंघोळीनंतर त्याच्या कानामागं राहिलेला साबण, तो गाणं म्हणायचा तेव्हा सूर सोडून, हे मला हवं होतं आणि मिळालं. आणि पंचशीला आली की वेगळं नव्हे, तेच सगळं दुसऱ्या दारानं घरात यायचं. तो तिला कधी बहीण म्हणाला नाही. सगळ्या जगात तो एकटा. दारात ती दिसली की आत आवाज द्यायचा, ‘विजू, तुझं माणूस आलंय बघ,’ आणि चप्पल घालून बाहेर जायचा, आणि परतताना तिघांना पुरेल एवढी मिरची भजी घेऊन यायचा. आम्ही तिघांनी ह्यावर एक अक्षर कधी काढलं नाही. शेवटच्या दोन महिन्यांत त्याचं सगळं तिनंच केलं, कूस वळवण्यापासून. हे हस्तलिखित मी आधी पुण्याच्या एका प्रकाशकाकडं पाठवलं होतं. त्यांचं गुळगुळीत पत्र आलं: नायिकेचं नवऱ्यावरही खरं प्रेम होतं असं दाखवल्यानं पुस्तकाचा मुद्दा पातळ होतो, तेवढा भाग कमी करता येईल का. म्हणजे पुण्याला नवरा नको, आळंदला जान नको. बाईला एकच जीव, आणि तो कुठं ठेवायचा हे बाकीचे ठरवणार! मेल्यांनो, तिनं अकरा पुस्तकांत घसा फोडून दुसरं काय सांगितलं?

पंचशीलाला फ्रेंच येत नाही. पण हे पुस्तक तिच्याइतकं कुणाला येत नाही. सहा वर्षं मी रोज जेवढं व्हायचं तेवढं तिला फोनवर वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटता लाटता ऐकायची, मध्येच म्हणायची, ‘थांब, असं कोण बोलतंय? नीट लिही.’ एकशे त्रेचाळीसवं पान मी वाचलं तेव्हा तिकडं लाटणं थांबलं. मग म्हणाली, ‘परत वाच.’ मी परत वाचलं. असं किती वेळा वाचलं असेल. चौतीस वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलं नाही, पण त्या दिवशी म्हणाली, ‘तू तोंडानं काय सांगायचं ते सांग लोकाला. पुस्तकात तेवढं खरं ऱ्हाऊ दे. एका जागी तरी ऱ्हाऊ दे गं.’ मी म्हटलं, राहील. मी शब्द दिला. आणि आता, त्या पंचवीस प्रतींसमोर जमिनीवर बसून, मला उद्याची आठवण झाली. उद्या येळवस. अंकुशरावांच्या रानात प्रकाशन, पंगतीच्या आधी, आणि प्रकाशन पंचशीलाच्या हस्ते. ही कल्पना अंकुशरावांचीच. समतेचं उदाहरण म्हणे, मानलेल्या बहिणीच्या हातून बहिणीचं पुस्तक.

सकाळी ती बसस्टँडवर उतरली ती जांभळी साडी नेसून, केसांना तेल लावून, आणि लग्नाला निघाल्यासारखी हसत. आळंदच्या गाडीत आम्हाला खिडकी मिळाली. मी ठरवून आले होते की गाडी हलली की सांगायचं. गाडी हलली. तिनं पिशवीतून काढून मांडीवर ठेवला तो खण. तोच. हिरवा, लाल काठाचा, घडीवर पांढरी पडलेली रेघ. ‘तू शिवली न्हाईस व्हय गं?’ मी विचारलं. चौतीस वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं, आणि ह्याची लाज वाटली. ‘शिवलं असतं तर घालावं लागलं असतं,’ ती म्हणाली. ‘आज ह्याच्यात तुझं पुस्तक गुंडाळायचं. खणाचं कायतरी चांगलं व्हावं.’ मी खिडकीतून बघितलं. तुरी पिवळ्या पडलेल्या, ज्वारी पोटरीत आलेली, गावंच्या गावं मोकळी, रस्त्यानं डोक्यावर घागरी आणि टोपल्या घेतलेल्या बायका. सांग, मी म्हणत होते स्वतःला, सांग ना सटवे, आत्ता सांग. ‘कामून गप बसलीस?’ ती म्हणाली. ‘भाषणाचं भ्या वाटायलंय व्हय?’ मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाच कळलं नाही. गाडी आळंदला पोचली. भीती अशी नव्हती, निव्वळ संताप होता, आणि तो ज्याच्यावर काढायचा ती बाई माझ्याच साडीत बसली होती.

रानात तीसेक माणसं होती. अंकुशरावांनी कोपीसमोर सतरंज्या अंथरलेल्या, बांबूला फ्लेक्स बांधलेला, त्यावर ओदील ब्रेसाक आणि तिचा स्वच्छ खांदा, दोन हात उंच. चुलीवर भज्जी रटरटत होती. अंकुशराव माझ्या नजरेला नजर देत नव्हते, पण पंचशीलापुढं त्यांनी हात जोडले, ‘या बाई, या.’ एक प्रत घेऊन ती तिनं आपल्या खणात गुंडाळली, नीट, बाळाला गुंडाळावं तशी. अंकुशराव बोलायला उभे राहिले. फ्रान्स कुठं, आळंद कुठं. दिल्ली-बेंगळुरूला जमलं न्हाई ते आपल्या ताईनं केलं. आणि मग, ‘आता ताईंच्या मानलेल्या भगिनी, पंचशीलाबाई.’ टाळ्या. तिनं गाठ सोडली, खण हातावर घेतला, पुस्तक वर धरलं. परत टाळ्या. तिथं तिनं बसायचं होतं. पण ती बसली नाही. ‘माझ्या आवडीचं एक पान हाय,’ ती म्हणाली, ‘तेवढं वाचते,’ आणि बोट न अडखळता एकशे त्रेचाळीसवर गेली, कारण प्रुफाचा पानक्रमांकसुद्धा तिला मीच सांगितलेला.

‘ल्युसियँ गेला तेव्हा मी त्याची बायको होते. मला पहिल्या बाकड्यावर बसवलं आणि सगळ्या गावानं येऊन माझा हात हातात घेतला. जान, माझी मानलेली...’ ती थांबली. पुढचं तिनं मनात वाचलं, ओठ हलवत. पान उलटून मागं बघितलं, परत पुढं आली. मग तिनं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मला विचारलं, ‘खांब कुठं गेला?’

कुणालाच कळलं नाही कसला खांब. एकानं फ्लेक्सच्या बांबूकडं बघितलं. अंकुशराव उठले, ‘बाई, त्ये मी केलोय, ताईंचा काय दोष न्हाई, माझ्याच्यानं...’ भला माणूस, मी म्हटलं ना. त्यानं मला दार उघडून दिलं होतं. मान खाली घालायची आणि बाहेर पडायचं. दोष त्याचा, राग त्याच्यावर, आणि आम्ही दोघी बहिणी संध्याकाळच्या गाडीनं घरी. पंचशीला त्याच्याकडं बघतच नव्हती. ‘हे तू लिहिलीस?’ तिनं विचारलं.

मी उठले. गुडघा दुखला, ते आठवतंय. ‘अंकुशरावांनी घातला,’ मी म्हटलं, ‘पण शब्द माझा हाय. चौतीस वर्षं मीच सांगायले ह्यो सगळ्यांना. ह्यांना बी मीच सांगितले. आन त्यो खोटा हाय.’ माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. ‘पंचशीला माझी बहीण न्हाई. आईनं मानली, मी कधीच मानली न्हाई. माझा जीव हाय तिच्यावर. शिवशंकरवर होता तेवढाच. त्याच्यावर बी होता, त्ये बी खोटं न्हाई. त्याला सगळं म्हाईत होतं. तुम्हालाच सांगायची माझी छाती झाली न्हाई.’

मागून कुणीतरी ‘अगं बया’ म्हणालं. अंकुशरावांचा चेहरा पडला होता, रागानं नव्हे, त्यांना लाज वाटत होती, माझी की स्वतःची कोण जाणे. ‘ताई,’ ते म्हणाले, ‘बायामाणसं बसलेत हो इथं.’ ‘मी कोण हाय मग?’ मी म्हटलं.

मला वाटलं होतं पंचशीला रडेल. किंवा हसेल. तिनं दोन्ही केलं नाही. ती चिडली होती, कपाळावरची शीर फुगली होती, आणि ती माझ्यावर चिडली होती. बरोबरच होतं. तिनं पुस्तक मिटलं, खणाची घडी घातली, ती माझ्या हातात कोंबली, ‘घे हे तुझ्या आईचं,’ आणि मग सतरंजीच्या मधोमध उभी राहून, नर्सिंगच्या शाळेत पाठ म्हणायची तशी, पाठीवर हात बांधून, पाठ असलेलं म्हणून दाखवलं. जान गेली तेव्हा मी तिची कुणी नव्हते. मला मागच्या बाकड्यावर जागा मिळाली, खांबाच्या आड. माझा जीव तिच्यावर होता, त्याच्यावर होता तेवढाच, आणि खांब फार रुंद होता. एक शब्द इकडचा तिकडं नाही. म्हणून झाल्यावर ती अंकुशरावांकडं वळली. ‘बहीण असती तर पुढं बसवले असते की तिला. मागं कामून बसवले? एवढं कळंना व्हय तुम्हाला, एवढी पुस्तकं वाचलाव?’ अंकुशरावांनी जवळची प्रत उचलली आणि ते पान काढून खरंच बघत बसले, भुवया जवळ आणून.

‘आन तू,’ ती मला म्हणाली. ‘आमच्यात बाकडी नसतेत. सतरंजी असती, असलीच. उद्या मी मेले, तर तू कुठं बसणार हाईस?’

‘पुढं,’ मी म्हटलं.

‘मोठ्यानं सांग. मागच्यांना ऐकू गेलं न्हाई.’